शेळी वारंवार गाभडते? ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या

गोंदिया शहराजवळचे नागरा असो की जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव, धानाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदाच हातात येतो. मधल्या काळात दवाखाना, शाळेचा खर्च, लग्नाचा आहेर हे सगळे एखादा बोकड विकून भागवले जाते. म्हणून गाभण शेळीने चौथ्या महिन्यात गाभ टाकला की घराचे हिशेब कोलमडतात. मग कारणे शोधली जातात: दुसऱ्या शेळीने शिंग मारले, कुंपणावरून उडी घेतली, नजर लागली.

धक्क्याने एखादी शेळी गाभडू शकते, हे खरे आहे. पण एकाच कळपात दोन-तीन शेळ्या लागोपाठ गाभडल्या, तर कारण जंतुसंसर्गात शोधायला हवे. अशा संसर्गांपैकी माणसाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. पशुवैद्यकीय भाषेत याला सांसर्गिक गर्भपात असेही म्हणतात.

गर्भाशयात काय होते?

शेळ्यांमध्ये हा आजार मुख्यतः ब्रुसेला मेलिटेन्सिस या जिवाणूमुळे होतो. दूषित चारा-पाण्यातून, गाभडलेल्या शेळीचा स्राव चाटल्याने किंवा हुंगल्याने तो शरीरात शिरतो आणि आधी लसिकाग्रंथींत मुक्काम करतो. तो पेशींच्या आत लपून राहतो. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आणि औषधे दोन्ही त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. आजार चिवट होतो तो इथेच.

शेळी गाभण नसेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. गाभण राहिली की चित्र बदलते. शेळीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर असते आणि ती या जिवाणूला फार मानवते. वारेत त्याची झपाट्याने वाढ होते, सूज येते, गर्भाला मिळणारे पोषण तुटते. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. गर्भपात बहुधा शेवटच्या दोन महिन्यांत होतो. काही शेळ्या दिवस पूर्ण करतात, पण करडू मेलेले किंवा इतके अशक्त जन्मते की उभे राहून दूध पिऊ शकत नाही. वार अडकते, गर्भाशयाला सूज येते आणि पुढे शेळी माजावर येऊनही उलटत राहते. कासेत संसर्ग झाला तर दूधही घटते.

सगळ्यात फसवा भाग यानंतरचा. एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेताला बऱ्याचदा नीट विते. मालकाला वाटते, आजार गेला. प्रत्यक्षात ती दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर टाकत असते आणि कळपातल्या नव्या पाठींना आजार देत असते.

बोकडाकडे तर कोणी पाहतच नाही. त्याच्या वृषणांना सूज येते, एक बाजू मोठी किंवा कडक लागते, वीर्याचा दर्जा घसरतो. कधी सूज नसतानाही तो जंतू बाळगून असतो. आपल्याकडे दहा शेळ्यांमागे एक बोकड असे गट वाटले जातात आणि गावात एकच चांगला बोकड अनेक घरी फिरतो. शेळ्यांची तपासणी करताना बोकडाचे रक्त तपासायचे राहिले, तर ती तपासणी अर्धीच समजा.

खात्री कशी करायची?

लक्षणांवरून निदान होत नाही. क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, क्यू फीवर, इतकेच काय पीपीआर या रोगांतही शेळ्या गाभडतात. पशुवैद्यक रक्ताचा नमुना घेऊन रोझ बेंगाल चाचणी करतात आणि नंतर एलायझासारख्या चाचणीने खातरजमा करतात. गाभडलेला गर्भ आणि वार प्रयोगशाळेला मिळाली तर उत्तम. पण ती तुम्ही पिशवीत भरून नेऊ नका, नमुना पशुवैद्यकांनाच घेऊ द्या. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यात ब्रुसेलोसिसचा समावेश आहे, त्यामुळे संशय कळवणे ही मालकाची जबाबदारीही आहे.

निदान झाल्यावर येणारा प्रश्न कठीण असतो. शेळीला प्रतिजैविके देऊन हा आजार खात्रीने बरा होत नाही, आणि उपचार चालू असतानाही ती जंतू पसरवू शकते. म्हणून बाधित जनावर कळपातून काढण्याचाच सल्ला दिला जातो. गरीब घराला हे परवडत नाही, हे आम्हाला कळते. तरीही अशी शेळी गुपचूप बाजारात विकू नका. तो आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जातो आणि कधी त्याच बाजारातून फिरून आपल्या गावात येतो. पुढे काय करायचे ते पशुवैद्यकांशी बोलून ठरवा. २०१९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना देतात. ती लस मागून शेळ्यांना टोचून घेऊ नका.

गाभडल्या दिवशी

त्या शेळीला लगेच वेगळे बांधा. गर्भ, वार, भिजलेले गवत उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर हातांवर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा, तोंडाला फडके बांधा. नमुना घेऊन झाला की हे सगळे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर फेकले तर कुत्री ते गावभर ओढतात, आणि सावलीत, ओलाव्यात हे जंतू बराच काळ तग धरतात. घरातल्या गरोदर बाईला आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका. शेळी विताना मदत बहुतेक ठिकाणी बायकाच करतात, म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंत आधी पोहोचवा.

माणसाला काय होते?

१८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांमध्ये हा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडले. थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवले की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्येच तो होता. सैनिकांचे शेळीचे दूध बंद केल्यावर तापाचे रुग्ण झपाट्याने कमी झाले.

आपल्याकडे डेंग्यू झाला की 'पेशी वाढतात' म्हणून शेळीचे कच्चे दूध शोधत लोक फिरतात. त्याने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही. ब्रुसेलोसिसचा धोका मात्र खरा आहे. दूध उकळूनच प्या. उकळल्यावर हा जंतू मरतो.

चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे दुखणे, गळून जाणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे चालतात. पुरुषांमध्ये वृषणाला सूज येऊ शकते, गरोदर स्त्रीमध्ये गर्भपात होऊ शकतो. हा ताप मलेरिया किंवा टायफॉइड समजला जातो, पाठदुखी क्षयाची वाटते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'घरी शेळ्या आहेत, एक नुकतीच गाभडली' हे न विचारताही सांगा. माणसांत उपचार आहेत: दोन प्रतिजैविके एकत्र, साधारण सहा आठवडे. आठवडाभरात ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून औषधे घ्यावी लागतात.