कोयता, उचल आणि शाळा

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या डोंगररांगांत, पर्जन्यछायेत येतो. हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे खरिपानंतर हाताला काम उरत नसे. 1950 च्या सुमारास प्रवरानगरपासून पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि त्यांना तोडणीसाठी मजूर हवे होते. 1972 च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतकऱ्याचा उरलासुरला आधारही मोडला. भूम, वाशी, कळंब या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे बाहेर पडू लागली.

या व्यवहाराचा कणा म्हणजे उचल. हंगामाआधी मुकादम पती-पत्नीच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, आगाऊ रक्कम देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या वजनावर फेडून घेतली जाते. फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मजुरी जोडीची असल्याने आई घरी थांबू शकत नाही आणि मूल फडावर जाते. तिथे थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधायला हात लावते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ते नेमके मध्यावर तुटते. गरिबीचा हा सर्वांत क्रूर हिशेब आहे, कारण आजची उचल मुलाच्या उद्याच्या कमाईतूनही वसूल होते.

अशा मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाल्यावर भर गावातल्या हंगामी वसतिगृहांवर आला. मूल गावातच, वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ, राहून शिकते तिथेच गळती थांबते. म्हणून ही वसतिगृहे तोडणीच्या आधी सुरू झाली पाहिजेत.