बिदरची जुनी पुस्तके पुन्हा छापताना

बहमनी राज्याचा संस्थापक हसन हा दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मणाचा चाकर होता. शेत नांगरताना त्याला सोन्याने भरलेले भांडे सापडले आणि त्याने ते इमानाने धन्याच्या पायाशी ठेवले. गंगूने त्याला राजयोगाचे भविष्य सांगितले आणि राजा झालास तर माझे नाव लाव, अशी अट घातली. पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचकांना ठाऊक असलेली ही कथा. ती सांगितली फारसी इतिहासकार फेरिश्त्याने, विजापूरच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे गुलबर्ग्याला 1347 मध्ये बहमनी गादी स्थापन झाल्यावर अडीचशे वर्षांनी. खुद्द त्या पहिल्या सुलतानाच्या पदरी असलेल्या इसामीने 1350 मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हे आपले काव्य पुरे केले. त्यात गंगू ब्राह्मण नाही. सुलतानाच्या नाण्यांवर आणि गुलबर्ग्याच्या शिलालेखात नाव आहे ते ‘बहमन शाह’. ‘बुर्हान-इ-मआसिर’ हा ग्रंथ तर त्याची वंशावळ इराणी पुराणकथांतल्या बहमनापर्यंत नेतो. ती वंशावळही दरबारी थाटाची आहे, तिच्यावर कोणी विश्वास ठेवावा असे नाही. पण सुलतान स्वतःला काय म्हणवत होता, एवढे नाण्यांवरून आणि शिलालेखावरून नक्की कळते. इतिहासकारांनी गंगूची कथा कधीच बाजूला ठेवली. तरीही ती जिवंत आहे, आणि याचे मोठे कारण पुनर्मुद्रण आहे.

जॉन ब्रिग्जने केलेला फेरिश्त्याचा इंग्रजी अनुवाद 1829 मध्ये लंडनला चार खंडांत निघाला. 1908 ते 1910 या काळात कलकत्त्याच्या कँब्रे कंपनीने तो पुन्हा छापला आणि स्वातंत्र्यानंतरही त्याची पुनर्मुद्रणे होत राहिली. ब्रिग्जने मजकूर जागोजागी आखडता घेतला आहे, काही ठिकाणी अर्थही चुकवला आहे, हे जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले. दुसरीकडे ‘बुर्हान-इ-मआसिर’वर आधारलेला जे. एस. किंगचा बहमनींचा इतिहास 1900 मध्ये पुस्तकरूपाने आला. पण वाचकांपर्यंत पोचण्यात फेरिश्ताच पुढे राहिला. जो ग्रंथ पुन्हापुन्हा छापला जातो तोच प्रमाण ठरतो. कोणता पुरावा पुढच्या पिढीच्या हाती पडेल, याची निवड पुनर्मुद्रण करणारा प्रकाशक नकळत करत असतो. म्हणून माझे म्हणणे असे की जुना माहितीपर ग्रंथ नुसता पुन्हा छापून भागत नाही. त्याचे वय आणि त्याच्यानंतर झालेली दुरुस्ती त्याच पुस्तकात वाचकाला सांगितली पाहिजे. बिदर-कलबुर्गीसारख्या सीमाभागात तर ही गरज दुप्पट आहे, कारण इथे पुस्तकाच्या पाठीमागची भूमीच बदलून गेली.

गुलाम याझदानी यांच्या ग्रंथाकडे पाहा. 1914 मध्ये निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खाते सुरू झाले तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षे ते त्याचे प्रमुख होते. बिदरचा इतिहास आणि तिथल्या वास्तू यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निजाम सरकारच्या वतीने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1947 मध्ये काढला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात ते राज्य भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर उस्मानाबादेकडे गेले (आणि 1982 मध्ये लातूर जिल्ह्यात आले), जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, तर बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याणी म्हैसूर राज्यात गेले. कल्याणीचे बसवकल्याण झाले, 2014 मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी 1995 मध्ये याझदानींचा हा ग्रंथ पुन्हा उपलब्ध करून दिला, त्याबद्दल दख्खनच्या अभ्यासकाने त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. महमूद गावानचा मदरसा, किल्ल्याचे दरवाजे, रंगीन महालातले शिंपल्यांचे जडावकाम, बिदरजवळच्या अष्टूरच्या घुमटांतली रंगचित्रे यांची त्या काळची अवस्था इतक्या बारकाईने दुसरीकडे नोंदलेली नाही. भिंतीवरचा रंग उडतो, फरशी निखळते. छापलेली नोंद राहते. संशोधन पुढे गेले, आता याझदानी कशाला, असे विचारणाऱ्याला हेच उत्तर आहे. निष्कर्ष जुने होतात, पाहणी जुनी होत नाही. पण त्या पाहणीतला ‘आज’ म्हणजे 1940 च्या आसपासचा ‘आज’, हे नव्या वाचकाच्या लक्षात आणून द्यायला नको का?

यावर पहिला आक्षेप येतो तो निष्ठेचा: जुन्या ग्रंथाला हात लावला की तो बिघडतो. खरे आहे. मूळ मजकुराची एक ओळही बदलू नये, जुनी नावेही तशीच ठेवावीत. टिपा मात्र वेगळ्या द्याव्यात, मूळ कोणते आणि भर कोणती हे स्पष्ट दिसेल अशा. ब्रिटिश अधिकारी मेडोज टेलरचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये निघाले. सुरपूर संस्थानातली त्याची कारकीर्द त्यात आहे. हे सुरपूर गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता यादगीरमध्ये आहे. 1920 च्या आवृत्तीला हेन्री ब्रूसने प्रस्तावना आणि टिपा जोडल्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे जमले होते. आपल्याकडे पुण्याच्या शुभदा-सारस्वतने मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश 1975 मध्ये दुरुस्त करून छापला. त्याने मोल्सवर्थचे महत्त्व तिळभर कमी झाले नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वाचक थोडे, टिपा लिहायला जाणकार हवा, मग किंमत वाढते आणि पुस्तक निघतच नाही. त्यापेक्षा जसेच्या तसे छापलेले बरे. तीस वर्षांपूर्वी हे मला पटले असते, कारण तेव्हा मूळ प्रत पाहायलाही हैदराबादचे किंवा मुंबईचे ग्रंथालय गाठावे लागे. आता अशा कितीतरी ग्रंथांची छायाप्रत संगणकावर फुकट मिळते. तिची केवळ कागदावर उतरवलेली नक्कल, तीही बरेचदा घडीचे नकाशे गाळून, विकत घेण्यासारखे तिच्यात काय उरते? दहा पानांची प्रस्तावना, जुन्या-नव्या गावनावांची सूची आणि चुकलेल्या विधानांवरच्या टिपा, एवढी भर घातली तरी पुनर्मुद्रणाला स्वतःचा अर्थ येतो.

आणि ही भर इंग्रजीतच का असावी? अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या उरुसाला माडियाळचे जंगम येतात, हिंदू त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात, मुसलमान वली म्हणतात. त्या गर्दीत कन्नड, मराठी, दख्खनी उर्दू बरोबरीने ऐकू येते. त्या लोकांच्या गावांची माहिती मात्र बहुतेक फारसीतून इंग्रजीत गेली आणि तिथेच थांबली. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने थेट मराठीत आणण्याचे काम आयुष्यभर केले; भीमसेन सक्सेनाची ‘तारीख-इ-दिलकुशा’ मराठी वाचकाला त्यांच्यामुळे मिळाली. त्यांचे समग्र साहित्य हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने पुन्हा छापले, हे सीमेपलीकडच्या मराठी माणसांचे मोठे काम आहे. याझदानींच्या ग्रंथाला अशीच मराठी आणि कन्नड टिपांची जोड मिळावी. विद्यापीठ कलबुर्गीलाही आहे, नांदेडलाही आहे. दोघांनी मिळून हे करावे. तोवर वाचकाने एक करावे: जुन्या ग्रंथाची नवी प्रत हाती आली की पहिले प्रकरण उघडण्याआधी शीर्षकपान उलटून त्याच्या मागे मूळ आवृत्तीचे साल शोधावे, आणि ते छापलेले नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहून विचारावे.