मुलाची मानसशास्त्रीय चाचणी : कोणती, कोणाकडून आणि कशासाठी?

‘मुलाची एकदा चाचणी करून घ्या’ असा निरोप शाळेतून आला की बहुतेक घरांत प्रथम भीती आणि मागोमाग नकार उमटतो. कोणी ‘आमच्या मुलाला काही झालेले नाही’ म्हणून विषय मिटवतो, तर कोणी मिळेल त्या केंद्रात जाऊन मिळेल ती चाचणी उरकतो. दोन्ही मार्गांत नुकसान मुलाचेच होते. वाचन न जमणाऱ्या हुशार मुलावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो आणि ज्या वयात मदत सर्वाधिक उपयोगी पडली असती ते वय निघून जाते.

बुद्धिमापनाचा उगम मदतीच्या हेतूनेच झाला. शाळेत ज्या मुलांना विशेष साहाय्य लागेल ती ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली मापनश्रेणी तयार केली. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी नव्हे, असे बिने यांचे मत होते. या चाचणीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे केले. आजही ‘बिने-कामत’ या नावाने ती अनेक अहवालांत आढळते.

आधी प्रश्न, मग चाचणी

चाचणी निवडण्यापूर्वी नेमकी अडचण काय, हे स्पष्ट झाले पाहिजे. मूल उशिरा बोलू लागले, वर्गात एका जागी बसत नाही, तोंडी उत्तर अचूक देते पण लिहिताना अडते, हाकेला प्रतिसाद देत नाही, या चार तक्रारींची वाट एक नाही. श्रवण आणि दृष्टी यांची तपासणी मात्र प्रत्येक वेळी आधी व्हावी. फळा न दिसणारे मूल दुर्लक्ष करणारे भासू शकते आणि कमी ऐकू येणारे मूल मतिमंद ठरवले जाऊ शकते. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, फिट्स आणि घरातील ताणतणाव यांचाही विचार डॉक्टरांकडून व्हावा लागतो.

प्राथमिक चाळणी आणि सखोल मूल्यमापन यांतील भेदही ध्यानात घ्यावा. प्रश्नावली भरून मिळणारा निष्कर्ष पुढील तपासणीची गरज सुचवतो, निदान करत नाही. इंटरनेटवरील चाचण्यांचे स्थान फार तर या पहिल्या पायरीवर आहे.

कोणत्या साधनाने काय कळते

बौद्धिक क्षमतेसाठी बिने-कामत, वेक्सलर श्रेणीची भारतीय आवृत्ती किंवा नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी तयार केलेली ‘मिसिक’ वापरली जाते. रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीत भाषेची गरज अत्यल्प असते. दैनंदिन व्यवहारांतील स्वावलंबन जोखण्यासाठी व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी आहे. केवळ बुद्ध्यंकावरून बौद्धिक अक्षमता ठरवता येत नाही. जेवण, कपडे, संवाद, पैशांचा व्यवहार मूल कसे सांभाळते, हेही पाहावेच लागते.

अध्ययन अक्षमतेसाठी वाचन, लेखन, आकलन आणि गणित यांची स्वतंत्र तपासणी होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच यासाठी देशभर प्रचलित आहे. बुद्ध्यंक सामान्य असूनही वाचन इयत्तेच्या बरेच मागे असणे, आणि पुरेशी मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकणे, या बाबी येथे महत्त्वाच्या ठरतात.

अवधानदोष व अतिचंचलता सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी, मेंदूचा आलेख किंवा संगणकीय चाचणी नाही. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची आहेत काय, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात काय, हे पालक व शिक्षक या दोघांकडून जाणून घेऊन निदान केले जाते. शिक्षकांचे मत न विचारता दिलेला निर्वाळा म्हणूनच अपुरा असतो. स्वमग्नतेसाठी भारतात चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ ही श्रेणी वापरतात. तिला प्रत्यक्ष निरीक्षणाची आणि विकासाच्या सविस्तर इतिहासाची जोड लागते.

चाचणीची भाषा

गोव्यात घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी असा अनेक मुलांचा प्रवास असतो. बेळगावात कानडी, बडोद्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी ही भोवतालची भाषा. अशा मुलाची केवळ इंग्रजी चाचणी घेतली तर भाषेचा अपुरा सराव आणि अक्षमता यांची गल्लत होते. खरी वाचनविषयक अक्षमता बहुधा मुलाच्या प्रत्येक भाषेत या ना त्या रूपात प्रकटते: मराठीत मात्रा व जोडाक्षरे गळतात, इंग्रजीत स्पेलिंग कोलमडते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही साधने हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजीत आहेत, ती याच कारणासाठी. चाचणी कोणत्या भाषेत होणार, हा पालकांचा पहिला प्रश्न असावा.

आकडे कसे वाचावेत

बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. एकच आकडा अंतिम मानू नये. प्रत्येक मापनात त्रुटीला वाव असतो, म्हणून चांगला अहवाल संभाव्य मर्यादाही देतो. ‘शततमक ३०’ म्हणजे तीस टक्के गुण नव्हेत. समवयस्क शंभर मुलांपैकी सुमारे तीस मुलांइतकी किंवा त्याहून सरस कामगिरी, असा त्याचा अर्थ. फार जुन्या मानकांवर बुद्ध्यंक फुगलेला दिसू शकतो, तर आजारी, भुकेल्या वा भेदरलेल्या मुलाचा घटलेला दिसतो. तीच चाचणी थोड्या अवधीत पुन्हा घेतल्यास सरावामुळेही गुण वाढतात.

कोणाकडे जावे

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा सीआरआर क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. लहान बालकांसाठी विकासविषयक बालरोगतज्ज्ञ, तसेच वाचातज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांचा सहभाग आवश्यक ठरतो. गोव्यात बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्था ही सरकारी केंद्रे आहेत. खासगी अहवाल उपचाराला उपयोगी असला, तरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाकडूनच मिळते. चाचणीपूर्वीच ही चौकशी केली तर दुहेरी खर्च टळतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचा समावेश आहे; अवधानदोषाचा स्वतंत्र उल्लेख नाही. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणतः आठ वर्षांच्या वयानंतर दिले जाते. मदत मात्र त्याआधीच सुरू करता येते आणि करावी. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक वा भाषेतील सवलत यांचे नियम मंडळागणिक वेगळे असल्याने नववीत प्रवेश घेतानाच शाळेत विचारणा करावी.

अहवालानंतर

उत्तम अहवालात मुलाच्या अडचणींइतकीच त्याची बलस्थाने नोंदलेली असतात. वर्गात कोठे बसवावे, गृहपाठ किती द्यावा, वाचनाचा सराव कसा घ्यावा, पुनर्तपासणी केव्हा करावी, हे त्यात स्पष्ट असते. केवळ आकडे आणि निदान देऊन थांबणारा अहवाल स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञांशी प्रत्यक्ष चर्चेची मागणी करावी. निष्कर्ष मुलालाही त्याच्या वयाला साजेशा शब्दांत सांगावा. आपल्याला वाचायला वेळ का लागतो याचे कारण समजलेले मूल स्वतःला ‘ढ’ समजणे सोडू लागते, आणि शिकण्याची खरी सुरुवात बहुधा तेथूनच होते.