देवांची च्युती आणि रिकामा देव्हारा

सातारा रोडहून मसूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोरेगावनंतर रहिमतपूर हे स्थानक लागते. १९०१ साली याच मार्गाने नऊ-दहा वर्षांचे भीमराव घरातील इतर मुलांसह गोरेगावी वडिलांकडे निघाले होते. मसूरला उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तरची मुद्रा पालटली. गाडीवानांनी गाडी नाकारली. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास झाला. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. सारी रात्र तहानेत गेली.

हा प्रदेश कृष्णेच्या खोऱ्यातला. पाणी विपुल, देवळेही विपुल. ज्या देवांच्या नावाने पाणी विटाळत होते, त्यांपैकी एकही त्या रात्री धावून आला नाही. पंचावन्न वर्षांनी त्याच मुलाने त्या देवांचा जाहीर त्याग केला. या घटनेचा अर्थ नीट समजून घ्यावयाचा असेल, तर जगाच्या इतिहासात देव कसे पडले आणि त्यांच्या पतनाविषयी पाली वाङ्मय काय सांगते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

देव अमर असतात ही समजूत सार्वत्रिक नाही. उत्तर युरोपातील नॉर्स लोकांचे देव मर्त्य होते. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने त्यांच्या कथा संकलित केल्या. त्यांनुसार अखेरच्या युद्धात देवाधिपती ओडिन याला फेनरीर नावाचा लांडगा गिळतो. थोर महासर्पाला मारतो, परंतु त्याच्या विषाने नऊ पावले चालून कोसळतो. सुर्त नावाचा अग्निदैत्य पृथ्वी जाळून टाकतो. नंतर समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते, आणि वाचलेल्या एका मानवी जोडप्यापासून नवी मनुष्यजात सुरू होते. हा शेवट ओडिनला आधीपासून ठाऊक असतो, पण तो टाळण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसते.

हे देव प्रत्यक्ष इतिहासात मात्र निराळ्या रीतीने पडले. इ.स. १००० च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेने सर्वांनी ख्रिस्ती व्हावे असा कायदा केला. गुप्तपणे बळी देण्यास काही काळ मुभा ठेवली. लांडगा आला नाही, आगही लागली नाही. एका ठरावाने देवांचा अधिकार संपला, आणि त्यांच्या जागी दुसरा देव बसला. ग्रीकांच्या कथांत क्रोनस आपल्या पित्याला पदच्युत करतो आणि झ्यूस क्रोनसला. बाबिलोन नगराचे वर्चस्व वाढले तसा त्या नगराचा देव मर्दुक इतर देवांचा राजा झाला. राज्ये बदलली की स्वर्गातील आसनेही बदलतात, हा या साऱ्या कथांचा ऐतिहासिक आशय होय.

आपल्या देशाचा इतिहास याला अपवाद नाही. ऋग्वेदातील सुमारे पाव भाग सूक्ते एकट्या इंद्राची आहेत. पुराणांत तोच इंद्र तपस्व्यांच्या भयाने कापणारा, अहल्येच्या कथेत कलंकित झालेला असा दिसतो. गोवर्धनाच्या कथेत तर इंद्राची पूजा बंद करून कृष्णाचे माहात्म्य उघडपणे स्थापिले आहे. ऋताचा रक्षक वरुण केवळ पाण्याचा अधिपती उरला. ब्रह्मदेव जगाचा निर्माता म्हणविला गेला, पण आज त्याची देवळे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

हे का घडले, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहून विचारला. ब्राह्मणांनी देवांना चढविले आणि उतरविले ते कशासाठी, असा त्या कूटप्रश्नाचा रोख आहे. हा ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तो छापला तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून वादळ उठले; १९८८ च्या आरंभी मुंबईत त्याच्या विरोधात आणि समर्थनार्थ प्रचंड मोर्चे निघाले. देवांच्या पतनाची चर्चा ही केवळ पुराणवस्तूंची चर्चा नव्हे, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. तिपिटकात देव आहेत. ते नाकारून चालणार नाही. परंतु त्यांचे स्थान काय, हे पाहिले पाहिजे. देवाच्या मरणासाठी पालीत ‘चवति’ हे क्रियापद योजतात. च्युत होणे, जागेवरून ढळणे, असा त्याचा अर्थ. इतिवुत्तकात च्युतीपूर्वीची पाच चिन्हे सांगितली आहेत: देवाच्या माळा सुकतात, वस्त्रे मळतात, काखेतून घाम येतो, कांती उतरते आणि त्याला आपल्या आसनावर करमेनासे होते. तेव्हा इतर देव त्याला सुगती मिळो अशी सदिच्छा देतात. देवांची सुगती कोणती, असे एक भिक्खू विचारतो. मनुष्यत्व हीच देवांची सुगती, असे तथागत उत्तर देतात. कारण मनुष्यजन्मातच धम्मावर श्रद्धा जडू शकते आणि दृढ होऊ शकते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या समाजाला माणूस म्हणून पाणी मिळत नव्हते, त्या समाजासाठी या उत्तराचे मोल किती मोठे आहे! जगातील इतर कथांत माणूस देवलोकाची इच्छा करतो. येथे देव माणूस होण्याची इच्छा करतात.

ब्रह्मजालसुत्तातील ब्रह्मा रिकाम्या विमानात प्रथम जन्मतो, म्हणून स्वतःला निर्माता समजू लागतो. त्याच्यानंतर जन्मलेले प्राणीही तसेच मानतात. तो येथे खलनायक ठरत नाही. त्याची चूक तेवढी दाखविली जाते. केवट्टसुत्तातील महाब्रह्मा भिक्खूच्या प्रश्नाचे उत्तर येत नाही म्हणून त्याला बाजूला नेऊन आपले अज्ञान कबूल करतो, आणि तथागतांकडे जाण्यास सांगतो. अंगुत्तर निकायातील सात सूर्यांच्या सुत्तात सिनेरु पर्वतही जळून जातो. सुर्ताच्या आगीशी याचे साम्य आहे, पण तात्पर्य वेगळे आहे. नॉर्स कथेत पतनाचे कारण दैव आहे. पालीत दैव नाही, शापही नाही. जे उत्पन्न झाले ते अनित्य आहे, एवढाच नियम आहे, आणि देवही त्या नियमाखाली येतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे ऐतिहासिक वेगळेपण यातूनच उमगते. पहिल्या तीन प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णु-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांचा त्याग आहे. चौथीत अवताराची कल्पना नाकारली आहे, आणि पाचवीत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार खोटा ठरविला आहे. दीक्षेनंतर गावोगाव लोकांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या. आइसलँडात एका देवाच्या जागी दुसरा देव आला. वेदांतील इंद्र गेला आणि पुराणांतील कृष्ण आला. १९५६ साली मात्र आसन रिकामे केले ते त्यावर दुसरा देव बसविण्यासाठी नव्हे.

म्हणून आज एक प्रश्न स्वतःलाच विचारणे प्राप्त आहे. आपल्या कित्येक घरांत त्या रिकाम्या देव्हाऱ्यात बुद्धमूर्ती आली आहे. पुष्पपूजा हा आदराचा आणि अनित्यतेच्या स्मरणाचा विधी आहे. त्याला हरकत नाही. परंतु त्या मूर्तीपुढे परीक्षेतील यशासाठी, नोकरीसाठी नवस बोलला जाऊ लागला, तर आपण बुद्धाला इंद्राच्या आसनावर बसवीत आहोत असे समजावे. त्या आसनावर जो बसतो त्याच्या माळा कधी ना कधी सुकतात. तथागतांनी ते आसन मागितले नव्हते. मार्ग दाखविणे एवढेच आपले काम आहे, असे त्यांनी सांगितले आहे; चालावयाचे आपणच.