मोंबासाची शिदोरी



जानेवारीत मोंबासाला जायचं ठरलं आणि बॅग भरताना पहिला प्रश्न पडला तो खाण्याचा. आपल्या दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. श्वेतांबर भगिनी खाखरे, मिठाई यांना हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानतात. पण मोंबासा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम ४ अंशांवर. आपला जानेवारी तिथे ऐन उकाड्याचा, शिवाय समुद्राची दमट हवा. मग मर्यादा धरायची ती इथली की तिथली?

हा प्रश्न पडणारी मी पहिली नव्हे. जामनगरच्या आसपासच्या ५२ गावांतले हालारी विसा ओसवाल जैन १८९९ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेकडे निघाले. तेव्हा मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकली जात होती. ती १९०१ मध्ये सरोवराला पोचली आणि वाटेवर आपल्या लोकांची लहानलहान दुकानं उभी राहिली. इकडे संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ पडला होता. शेती करून पोट भरत नव्हतं, म्हणून घरातला कर्ता मुलगा समुद्रापार जाई.

ही गलबतं हिवाळ्यातच निघत, कारण ईशान्येकडचा वारा तेव्हाच वाहतो आणि तो शिडांना थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेतो. परतायचं तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट बघायची. जायला तीन-चार आठवडे लागत, वारा पडला तर जास्तही. आता हिशेब करून बघा. हिवाळ्याची मर्यादा ३० दिवस आणि प्रवासही जवळपास तेवढाच! मी कॉमर्सची, त्यामुळे असा ताळा जुळला की बरं वाटतं. पण लगेच मनात येतं, दुष्काळात त्या शिदोरीसाठी धान्य कुठून आणलं असेल? कोणी स्वतःच्या ताटातलं कमी केलं असेल?

इतिहासात नावं राहिली ती जाणाऱ्या पुरुषांची. सुरुवातीला बायका मागेच राहिल्या, बऱ्याच नंतर गेल्या. पुढे मुंबईहून आगबोटी जाऊ लागल्या, कुटुंबं तिकडे नांदू लागली. १९६३ मध्ये मोंबासात दगडी जैन मंदिर उभं राहिलं. पण पहिली शिदोरी घरच्या बायकांनीच बांधली असणार, आणि ती कोणत्याच वहीत जमा नाही.

एका बाबतीत मात्र ती भूमी आपल्या व्रताला सोयीची आहे. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखे. मोंबासात सूर्य बारा महिने साधारण सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायची वेळ ऋतूप्रमाणे फारशी बदलावी लागत नाही. पाऊस मात्र तिथे मुख्यतः मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपला चातुर्मास बराचसा बसतो तो तिथल्या थंड, कमी पावसाच्या महिन्यांत. तरी तिथले जैन चातुर्मास पाळतात तो आपल्याच तिथींनी.

शेवटी मी ठरवलं, शंका असेल तिथे कडक नियम धरायचा. पीठ न्यायचंच नाही. मूगडाळ आणि तांदूळ न्यायचे. शेजारच्या श्वेतांबर ताईंनी खाखरे भाजून दिले, त्यांच्या डब्यावर तारीख घातली आणि पावसाळ्याचेच १५ दिवस धरले. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून सगळं स्टीलच्या डब्यांत आणि सुती पिशव्यांत भरलं. डास मारायला नकोत आणि मलेरियाही नको, म्हणून मच्छरदाणी आणि लांब बाह्यांचे सुती ब्लाउज घेतले. तुम्ही कोणी जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. तो दाखला परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात.

पिशवीला गाठ मारताना त्या अनोळखी बायांची आठवण झाली. तुमच्या घरातली कोणी आजी, पणजी आफ्रिकेला गेली असेल किंवा कोणाला निरोप देऊन मागे राहिली असेल, तर तिने बरोबर काय बांधून दिलं होतं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.