हवेतील किरणोत्सारितेचे मापन

हवेतील किरणोत्सारितेचे मापन : मोकळ्या हवेत किरणोत्सारी वायू व धूलिकण कोणते आणि किती आहेत, याची नियमित तपासणी. एकक घनमीटरमागे बेक्वेरेल. एका सेकंदात एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल.

हवेतील बहुतेक किरणोत्सारिता निसर्गाचीच असते. जमिनीतल्या युरेनियमपासून उपजणारा रेडॉन-२२२ (अर्धायुष्य ३.८ दिवस) भूपृष्ठालगत घनमीटरमागे साधारण १० बेक्वेरेल आढळतो. वारा पडलेल्या पहाटे तो साचतो. समुद्रावरून आलेल्या मोसमी वाऱ्यांत तो अगदी कमी असतो. वैश्विक किरणांमुळे वरच्या वातावरणात बेरिलियम-७ तयार होते. मानवनिर्मितांत सीझियम-१३७, आयोडीन-१३१ आणि झेनॉन-१३३ महत्त्वाचे. मध्य युरोपच्या हवेतले आजचे सीझियम रेडॉनच्या जेमतेम एक कोटीव्या हिश्शाएवढे आहे. ते वेगळे ओळखणे हीच या कामाची खरी कसोटी होय.

त्यासाठी पंपाने तासाला शेकडो घनमीटर हवा फिल्टरमधून ओढतात. फिल्टर लगेच मोजला, तर रेडॉन व त्याचेच समस्थानिक थोरॉन यांच्या विघटनातून उपजणाऱ्या अल्पायुषी वंशजांपुढे बाकीचे काही दिसत नाही. म्हणून तो दिवसभर तसाच ठेवतात आणि मगच अतिशुद्ध जर्मेनियमच्या शोधकाने त्याचा गॅमा वर्णपट घेतात. प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असल्याने त्याची ओळख पक्की पटते. वायुरूप आयोडीन मात्र फिल्टरमधून निसटते. त्याला सक्रियित कोळसा लागतो.

एप्रिल १९८६ मध्ये सोव्हिएत सरकारने चेर्नोबिलच्या अपघाताची वाच्यता करण्याआधीच स्वीडनमध्ये त्याचे कण सापडले होते. २०१७ च्या शरद ऋतूतला प्रसंग अधिक बोधप्रद आहे. युरोपभरच्या फिल्टरांवर रुथेनियम-१०६ आढळले. सोबत सीझियम नव्हते. अणुभट्टी फुटली असती, तर इतर विखंडनजन्य मूलद्रव्येही आली असती. त्यामुळे संशय वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेवर गेला आणि वाऱ्यांच्या उलट्या मागोव्याने तो दक्षिण उरल भागाकडे वळला. उगमाची जबाबदारी कोणीही स्वीकारली नाही, ही खेदाची गोष्ट.

सर्वंकष अणुचाचणीबंदी करारानुसार जगभर ८० किरणोत्सारिता केंद्रांची योजना आहे. भारत करारात नाही. इथे भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा मात्रामापकांचे देशव्यापी जाळे उभारले आहे. मात्रामापक किरणोत्सर्ग किती ते सांगतो, कशाचा ते नाही. जोराच्या पावसात रेडॉनचे वंशज जमिनीवर उतरतात आणि मात्रामापकाचा आकडा काही काळ चढतो. तेवढ्यावरून अपघाताचा निष्कर्ष काढू नये, वर्णपट पाहावा.