डॅशबोर्डमागची चावी

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीच्या रात्रीचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्याही खाली जातं. सकाळी गाडीत बसलं आणि निघालं, असं तिथे होत नाही. आधी इंजिन काही मिनिटं चालू ठेवावं लागतं. काचेवरचं बर्फ सुटतं, आतला हीटर तापतो, मग माणूस बाहेर पडतो. म्हणून घरातूनच बटण दाबून इंजिन सुरू करणारा रिमोट स्टार्टर तिथे चैनीत मोडत नाही. हेच विनिपेग २००० नंतरच्या दशकात वाहनचोरीसाठी कॅनडाभर बदनाम होतं. शेवटी मॅनिटोबा प्रांताच्या सरकारी विमा संस्थेने चोरांच्या आवडत्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा केला आणि मालकांना तो फुकट बसवून दिला. चोऱ्या झपाट्याने उतरल्या.

आता एकाच गाडीत दोन यंत्रं आली. एकाचं काम चावी न लावता इंजिन सुरू करायचं, दुसऱ्याचं काम चावी नसेल तर ते सुरू होऊ द्यायचं नाही. या दोघांना एका गाडीत नांदवणारी जोडणी म्हणजे बायपास. तिचं कूळ शोधायचं तर मोटारीच्या चावीपर्यंत मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू होत. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला, तो १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि अंगमेहनत संपली. पण स्टार्टरसाठी वेगळं बटण किंवा पेडल असे. चावी फिरवली की स्टार्टरही फिरणार, ही सोय क्रायस्लरने १९४९च्या गाड्यांत आणली. तेव्हापासून इंजिन सुरू करणं म्हणजे काही वायरी योग्य क्रमाने जोडणं, एवढंच उरलं. चोरालाही तेवढंच करावं लागे आणि रिमोट स्टार्टर बसवणाऱ्यालाही. बायपास नावाची गोष्ट तेव्हा नव्हती, कारण ओलांडायला काही नव्हतंच.

ते आलं १९८६च्या कॉर्व्हेटबरोबर. जनरल मोटर्सने चावीच्या पात्यात एक बारीक काळा रेझिस्टर बसवला. त्याच्या १५ किमती होत्या, सुमारे ४०० ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत. चावी कुलपात गेली की गाडी तो रोध मोजायची. आकडा जुळला नाही तर स्टार्टरही बंद आणि इंधनही बंद, तेही काही मिनिटं. पंधरा चाव्या एकामागून एक लावून बघण्याइतका वेळ चोराकडे नसतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

बायपासचा जन्म इथला. कारागिराने मालकाच्या चावीचा रोध मीटरवर मोजला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर आणला आणि स्टीअरिंगखालच्या दोन बारीक वायरींत एका रिलेमागे बसवला. रिमोटने इंजिन सुरू होताना रिले या खोट्या रेझिस्टरकडे वळे, एरवी खऱ्या चावीकडे. काही जण रिलेचे पैसे वाचवायला रेझिस्टर कायमचाच जोडून टाकत. गाडी सुरू होई, पण कोणाच्याही हातून. या दोन जोडण्यांत फरक एका रिलेचा, पण माझ्या मते सगळ्या कुळाची नीतिमत्ता त्या रिलेत आहे. रिमोटवर चाललेलं इंजिन थांबलं की गाडी पूर्वीइतकीच बंद झाली पाहिजे. पुढच्या प्रत्येक पद्धतीला मी हीच कसोटी लावतो.

१९९५मध्ये जनरल मोटर्सने रोध चावीतून काढून कुलपाच्या नळीत नेला. बायपासवाले त्याच्या मागोमाग गेले. मोजण्याची जागा तेवढी बदलली.

खरं वळण युरोपात आलं. १९९०च्या सुमारास जर्मनीत वाहनचोऱ्या फार वाढल्या, विमा कंपन्यांनी हट्ट धरला, आणि १९९८पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला. कॅनडाने तो नियम सप्टेंबर २००७पासून लावला. चावीच्या डोक्यात आता चिप आली. तिला बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरी निघतात, त्यांच्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. पुढे तर गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारू लागली आणि चिप गुप्त गणिताने उत्तर देऊ लागली. इथे मीटर हरला. मोजायला काही उरलं नाही.

मग कारागिरांनी चावीच गाडीत ठेवली. प्लॅस्टिकच्या लहान डबीत जादा चावी, डबीतल्या वेटोळ्यातून निघालेली वायर कुलपाभोवती चार-सहा फेरे गुंडाळलेली, आणि सगळं डॅशबोर्डच्या आत बांधलेलं. रिमोटने हुकूम दिला की रिले मंडल जोडतो, चिपचं उत्तर कुलपापाशी पोचतं, गाडीला वाटतं चावी लागली. युक्ती सुंदर आहे, पण किल्ली कुंडीखाली ठेवण्याची खोड तिच्यातही आहे. म्हणून जाणता कारागीर चावीचं पातं कापून फक्त चिपच डबीत घाले. चोराने डबी शोधली तरी तिच्याने दार उघडत नाही की स्टीअरिंगचं कुलूप सुटत नाही. मालकाची मात्र एक चावी जाई. त्या काळच्या बऱ्याच फोर्ड गाड्यांत तर दोन चालू चाव्या हाताशी असल्याशिवाय तिसरी नोंदवता येत नसे, म्हणून डबी बंद करण्याआधी तिसरी करून घेणं शहाणपणाचं.

त्यानंतर डेटा मॉड्यूल आलं. क्वेबेकमधल्या कंपन्यांनी त्यात मोठं नाव केलं. हे मॉड्यूल गाडीच्या डेटा वायरींना जोडतात, खरी चावी लावून गाडीचं बोलणं त्याला ऐकवतात, आणि मग चिपऐवजी तेच उत्तर देतं. गणित अवघड असेल तर मॉड्यूल काढून संगणकाला लावतात, आकडेमोड कंपनीच्या सर्व्हरवर होते. डबीत चावी नाही, फेऱ्यांचा अंदाज नाही. गाडीला नीट जुळणारं मॉड्यूल मिळत असेल तर मी तेच निवडेन. मात्र ते मॉडेल आणि वर्ष पाहूनच घ्यावं लागतं, आणि काही गाड्यांसाठी ते मिळतच नाही. तिथे डबीच बरी.

कारखान्यातून रिमोट स्टार्ट घेऊन येणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न उरत नाही. २००४च्या शेव्हरले मालिबूमध्ये असा रिमोट स्टार्ट मिळू लागला. आपल्याकडे फोनवरून इंजिन आणि एसी सुरू करणाऱ्या गाड्या आल्या आहेत, त्या नागपूरच्या मे महिन्यात उपयोगी पडतात. अशा गाड्यांत कुलूप आणि स्टार्टर एकाच घरचे. बाहेरून बसवून घ्यायचं असेल, तर कारागिराला आधी तीन गोष्टी विचाराव्यात: डबीतल्या चावीचं पातं कापणार का, चिपचं मंडल नेमकं कधी जोडलं जाणार, आणि खरी चावी न लावता कोणी ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडणार का. तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नये, समोर करून दाखवायला सांगावं.